ट्रायन परगण्याची रयत-पलटण

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव ओघाने येते. त्यामागोमाग साराटोगा आणि यॉर्कटाउन ही दोन रणक्षेत्रे आठवतात आणि शाळेत पाठ केलेला इतिहास बहुधा तेथेच संपतो. १७७५ पासून १७८३ पर्यंत चाललेल्या या युद्धात वॉशिंग्टनच्या खड्या फौजेखेरीज आणखी एक फौज लढत होती. तिला गणवेश नव्हता, कायम छावणी नव्हती आणि बहुतेक वेळा पगारही वेळेवर मिळत नव्हता. प्रत्येक परगण्यातील शेतकरी, लोहार, गिरणीवाले आणि सुतार यांची ती फौज होती. इंग्रजीत तिला ‘मिलिशिया’ म्हणतात. मराठीत तिला ‘रयत-पलटण’ म्हटल्यास अर्थ पुष्कळसा उतरतो. न्यूयॉर्क प्रांताच्या पश्चिम सीमेवरील ट्रायन परगण्यात अशा चार पलटणी होत्या. त्यांपैकी पहिली, म्हणजे कानाजोहारी विभागाची पलटण, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्याकडील मराठेशाहीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना शिलेदार आणि बारगीर हा भेद परिचित आहे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे आणी. अमेरिकेतील रयत-पलटणीचा शिपाई हत्याराच्या बाबतीत शिलेदाराच्या जवळचा होता. जुलै १७७५ मध्ये तेरा वसाहतींच्या मध्यवर्ती काँग्रेसने जी शिफारस केली, तीनुसार प्रत्येकाने स्वतःची बंदूक, संगीन, तलवार किंवा कुऱ्हाड, तेवीस काडतुसे मावतील अशी पेटी, बारा चकमकी आणि पाठपिशवी बाळगावयाची होती. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या प्रांतिक काँग्रेसने कायदा केला. १६ ते ५० वर्षे वयाच्या सर्व सशक्त पुरुषांची त्या त्या भागानुसार तुकडी बांधावी, एका तुकडीत अधिकारी धरून सुमारे ८३ माणसे असावीत आणि अशा तुकड्या मिळून पलटण व्हावी, असे त्या कायद्याचे स्वरूप होते. मात्र शिलेदाराशी साम्य येथे संपते. शिलेदाराचा तो पेशा होता. या शिपायाचा पेशा शेती हाच राहिला. हाक आली की त्याने आठ दिवस, पंधरा दिवस किंवा महिनाभर जावयाचे, आणि परतून पुन्हा नांगर धरावयाचा.

या व्यवस्थेचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकत त्यावर उभी आहे. खड्या फौजेत एका तुकडीत निरनिराळ्या गावांची माणसे असतात. रयत-पलटणीची तुकडी म्हणजे गावच असते. रांगेत डाव्या बाजूला सख्खा भाऊ, उजव्या बाजूला मेहुणा, मागे शेजारी आणि पुढे गावातला गिरणीवाला, अशी तिची रचना होते. अशी पलटण लढते ती प्राणपणाने, कारण ती आपल्या दाराशी लढते. परंतु ती ज्या दिवशी पडते, त्या दिवशी एका दुपारी अख्खे गाव निराधार होते.

ट्रायन परगणा १७७२ मध्ये ऑल्बनी परगण्यातून वेगळा काढण्यात आला आणि त्याला तत्कालीन गव्हर्नर विल्यम ट्रायन याचे नाव देण्यात आले. मोहॉक नदीचे सुपीक खोरे हा त्याचा गाभा होता. येथे वसलेल्या लोकांत जर्मनांची संख्या मोठी होती. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलेटिनेट प्रदेशातून युद्ध, उपासमार आणि कडक हिवाळा यांना कंटाळून हे लोक १७०९ मध्ये बाहेर पडले, लंडनमार्गे १७१० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, आणि पुढील पंधरा वर्षांत वाट काढत या खोऱ्यात आले. त्यांच्याबरोबर डच होते, आणि दक्षिणेकडील टेकड्यांमधील चेरी व्हॅली या गावात स्कॉच-आयरिश वंशाची कुटुंबे होती. घरात जर्मन, बाजारात डच आणि कचेरीत इंग्रजी अशी त्यांची त्रैभाषिक व्यवस्था असे. सीमाभागातील श्रोत्यांना तिचे फारसे नवल वाटणार नाही.

या खोऱ्याचे मूळ रहिवासी इरोक्वाय संघाचे लोक होते. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा तो संघ होता. मोहॉकांचे एक मोठे गाव कानाजोहारी विभागातच होते. तेथे १७६९ मध्ये बांधलेले लहानसे लाकडी चर्च आजही उभे आहे. इंग्रज सरकारचा इरोक्वायांकडील मुख्य प्रतिनिधी सर विल्यम जॉन्सन याने ते बांधविले होते. जॉन्सनची सहचारिणी मॉली ब्रँट ही याच गावची मोहॉक स्त्री. तिचा धाकटा भाऊ जोसेफ ब्रँट इंग्रजी शाळेत शिकलेला होता आणि तितकाच आपल्या लोकांचा पुढारी होता. त्या गावापासून काही मैलांच्या अंतरावर निकोलस हर्किमर नावाच्या जर्मन वंशाच्या सधन शेतकऱ्याचे विटांचे घर होते. पुढे एकमेकांवर शस्त्र उगारणारे हे दोन पुरुष असे शेजारी होते.

१७७४ च्या जुलैत सर विल्यम जॉन्सन वारला आणि खोऱ्यातील समतोल ढळला. त्याचा मुलगा सर जॉन राजनिष्ठ राहिला. त्याच्या कुळांपैकी, विशेषतः स्कॉच हायलँडरांपैकी, पुष्कळांनी त्याला साथ दिली. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांनी सुरक्षा समिती स्थापन केली आणि १७७५ मध्ये चार पलटणी उभ्या केल्या: पहिली कानाजोहारीची, दुसरी पॅलेटाइनची, तिसरी मोहॉक विभागाची आणि चौथी जर्मन फ्लॅट्स व किंग्जलँडची. पहिल्या पलटणीचा कर्नल म्हणून हर्किमरची निवड झाली. सप्टेंबर १७७६ मध्ये तो परगण्याच्या सर्व रयत-पलटणींचा ब्रिगेडियर जनरल झाला आणि पहिल्या पलटणीचे आधिपत्य एबेनेझर कॉक्स याच्याकडे आले. फूट गावागावांत पडली तशी घराघरांतही पडली. हर्किमरचा सख्खा भाऊ इंग्रजांच्या बाजूने गेला. ही गोष्ट पुढे एका निर्णायक क्षणी त्याच्या तोंडावर फेकली जावयाची होती.

जून १७७७ मध्ये हर्किमर सुमारे पावणेचारशे शिपाई घेऊन दक्षिणेकडे उनाडिला येथे गेला आणि त्याने जोसेफ ब्रँटची भेट घेतली. ब्रँटला तटस्थ ठेवता आले तर पाहावे, हा हेतू होता. ब्रँटने राजाशी केलेला करार मोडावयास नकार दिला. मोहॉकांच्या दृष्टीने तो निर्णय समजण्याजोगा होता, कारण त्यांच्या जमिनींवर डोळा होता तो वसाहतवाल्यांचा, आणि त्यांना थोडाफार आवर घालीत होते ते राजाचे सरकार. भेट निष्फळ झाली. जुन्या शेजाऱ्यांची ती शेवटची बोलणी ठरली.

त्या वर्षी इंग्रजांचा बेत असा होता की जनरल बर्गॉइनने कॅनडातून हडसन नदीकडे उतरावे, आणि सेंट लेजरने पश्चिमेकडून मोहॉक खोऱ्यातून येऊन ऑल्बनीला त्याला मिळावे. सेंट लेजरच्या वाटेवर फोर्ट स्टॅनविक्स हा किल्ला होता. तेथे कर्नल गॅन्सव्होर्ट सुमारे साडेसातशे माणसांनिशी बसला होता. ऑगस्टच्या आरंभी सेंट लेजरने दीड-पावणेदोन हजारांच्या सैन्यासह किल्ल्याला वेढा घातला. या सैन्यात सर जॉन जॉन्सनची राजनिष्ठ पलटण, जॉन बटलरची माणसे आणि ब्रँटसह इरोक्वाय योद्धे होते. म्हणजे वेढा घालणाऱ्यांतही ट्रायन परगण्याचीच माणसे होती.

हर्किमरने १७ जुलै रोजीच जाहीरनामा काढला होता. १६ ते ६० वयाच्या सर्व निरोगी पुरुषांनी सज्ज राहावे, आणि साठीपुढील व दुबळ्या लोकांनी बायकामुलांच्या रक्षणासाठी थांबावे, असे त्यात सांगितले होते. कायद्यातील पन्नाशीची मर्यादा गरजेने दहा वर्षे पुढे सरकली होती. ४ ऑगस्ट रोजी चारही पलटणींतील सुमारे ८०० माणसे फोर्ट डेटन येथून निघाली. हे दिवस कापणीचे होते. बैलगाड्यांवर रसद लादून ही लांबलचक रांग जंगलवाटेने पश्चिमेकडे सरकू लागली. वाटेत ओरिस्का गावाजवळ ओनायडा राष्ट्राचे सुमारे साठ योद्धे तिला येऊन मिळाले. इरोक्वाय संघातही फूट पडली होती. मोहॉक आणि सेनेका राजाकडे, तर ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी वसाहतींकडे, अशी ती विभागणी होती.

हर्किमरने किल्ल्याकडे जासूद पाठविले होते. निरोप पोहोचला की किल्ल्यातून तोफेचे तीन बार व्हावेत, त्याच सुमारास वेढेकऱ्यांवर आतून छापा घालावा आणि मग आपण पुढे जावे, अशी योजना होती. ६ ऑगस्टची सकाळ झाली तरी बार ऐकू आले नाहीत. हर्किमर थांबावे असे म्हणत होता. कॉक्ससह काही अधिकारी उतावीळ झाले होते. वाद वाढला. सेनापती भित्रा आहे, त्याचा भाऊ शत्रूकडे आहे, असे बोल त्याला सुनावण्यात आले. वयाने पन्नाशीकडे झुकलेला तो मनुष्य संतापला आणि त्याने कूच करण्याचा हुकूम दिला. खड्या फौजेत कर्नलने जनरलला असे बोलणे म्हणजे शिस्तभंग ठरला असता. रयत-पलटणीत मात्र सगळे एकमेकांचे शेजारी, आणि अधिकारी निवडून दिलेले. तिथे हुद्द्यापेक्षा गावातली लाज मोठी ठरली.

मॉली ब्रँटने या कुचाची बातमी सेंट लेजरच्या छावणीला अगोदरच कळविली होती. किल्ल्यापासून सुमारे सहा मैलांवर वाट एका ओढ्याच्या खोल घळीत उतरत होती. तेथे दोन्ही बाजूंच्या झाडीत इरोक्वाय योद्धे आणि राजनिष्ठ सैनिक दबा धरून बसले होते. सकाळी दहाच्या सुमारास रांगेचा पुढचा भाग घळीत उतरून पलीकडे चढू लागला असताना गोळीबार सुरू झाला. कर्नल कॉक्स मारला गेला. हर्किमरचा घोडा पडला आणि त्याच्या पायाचे हाड गोळीने चुरले. पिछाडीला फ्रेडरिक विशरची तिसरी पलटण होती. तिच्यातील पुष्कळजण घळीच्या तोंडाशीच पाय लावून पळाले, आणि त्यांच्या पाठलागातही कित्येक मारले गेले. जी माणसे आत सापडली, त्यांना पळण्यास वाट नव्हती.

हर्किमरला उचलून एका झाडाखाली खोगिरावर बसविण्यात आले. परंपरा अशी सांगते की त्याने चिलीम पेटविली आणि तेथूनच हुकूम देण्यास सुरुवात केली. त्याचा एक हुकूम साध्या शेतकरी अकलेचा होता. बंदुकीचा बार झाला की ती पुन्हा भरण्यास वेळ लागे आणि तेवढ्यात कुऱ्हाड घेऊन योद्धा अंगावर येई. म्हणून एका झाडाआड दोघांनी उभे राहावे, एकाने बार काढला की दुसऱ्याची बंदूक भरलेली असावी, असे त्याने सांगितले. मध्येच जोराचा वादळी पाऊस आला. चकमकीच्या बंदुका भिजल्या आणि सुमारे तासभर लढाई थांबली. या तासात विस्कळीत झालेले लोक उंचवट्यावर गोळा झाले आणि त्यांनी गोल धरला.

पाऊस थांबल्यावर राजनिष्ठांची आणखी एक तुकडी आली. किल्ल्यातून आपलीच कुमक आली असे वाटावे म्हणून त्यांनी कोट उलटे घातले होते. विशरच्याच पलटणीतील जेकब गार्डिनियर या कॅप्टनने चेहरे ओळखले. चेहरे ओळखता आले, कारण ती माणसे त्याच खोऱ्यातील होती. त्यानंतर जे घडले ते बंदुकीच्या लढाईपेक्षा भयंकर होते. संगिनी, सुऱ्या आणि बंदुकीचे दस्ते यांनी शेजारी शेजाऱ्याला मारीत होता. ओनायडा योद्धा हॅन येरी याच्या मनगटाला गोळी लागली, तेव्हा त्याची पत्नी शेजारी उभी राहून त्याला बंदूक भरून देत होती, आणि स्वतःही पिस्तुले चालवीत होती. पलीकडे सेनेकांनीही आपले अनेक वीर या घळीत गमावले. अखेर किल्ल्यातून विलेटने केलेल्या छाप्यात आपल्या छावण्या लुटल्या गेल्याची वार्ता आली आणि इरोक्वाय योद्धे माघारी वळले. लढाई थांबली.

रयत-पलटणी किल्ल्यापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. मेलेल्यांना पुरण्याइतकेही त्राण कोणात उरले नव्हते. आठशेंपैकी किती पडले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, परंतु मृत, जखमी आणि बंदी मिळून निम्म्याच्या आसपास माणसे गेली, याविषयी फारसा वाद नाही. हर्किमरला डोलीवरून घरी आणले. दहा दिवसांनी त्याचा पाय कापावा लागला, रक्तस्राव थांबला नाही आणि तो वारला. शेवटच्या घटकेला त्याने बायबल मागवून घेऊन अडतिसावे स्तोत्र वाचले, अशी आठवण त्याच्या कुटुंबाभोवती जपली गेली आहे.

लष्करी दृष्टीने पाहिले तर हा पराभव होता. त्याचे फळ मात्र वेगळे निघाले. इरोक्वाय योद्ध्यांना एवढी हानी अपेक्षित नव्हती. त्यांचे मन वेढ्यातून उठले. बेनेडिक्ट अर्नोल्ड मोठी फौज घेऊन येत असल्याची फुगविलेली बातमी छावणीत पसरविण्यात आली, तेव्हा ते निघून गेले. २२ ऑगस्टच्या सुमारास सेंट लेजरने वेढा उठविला. बर्गॉइनला पश्चिमेकडून मिळणारी मदत तुटली आणि १७ ऑक्टोबर १७७७ रोजी त्याने साराटोगा येथे शस्त्रे खाली ठेवली. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला.

या ठिकाणी एक धागा पुण्याशी जुळतो. १७७७ मध्येच सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्याच्या दरबारी आला होता, आणि नाना फडणीस त्याला देत असलेल्या मानामुळे मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपताच ती भीती अधिक गडद झाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी मुंबईकर फौजेची कोंडी केली आणि १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला. मोहॉक खोऱ्यातील शेतकऱ्याला पुणे ठाऊक नव्हते आणि नानांच्या कचेरीत ओरिस्कनीचे नाव कोणी ऐकले नसेल. तरीही एकच साम्राज्य त्या वर्षांत दोन टोकांना गुंतून पडले होते.

सर्वसाधारण इतिहास साराटोगापाशी ट्रायन परगण्याचा निरोप घेतो. पलटणीची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. कॉक्सच्या जागी चेरी व्हॅलीचा सॅम्युएल कॅम्पबेल पहिल्या पलटणीचा प्रमुख झाला. ११ नोव्हेंबर १७७८ रोजी वॉल्टर बटलर आणि ब्रँट यांनी चेरी व्हॅलीवर हल्ला केला. तीसहून अधिक रहिवासी मारले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. कॅम्पबेल त्या वेळी घरी नव्हता. त्याचे घर जाळण्यात आले, त्याची पत्नी जेन आणि मुले कैद करून नेण्यात आली, आणि त्यांची सुटका होण्यास १७८० साल उजाडावे लागले. परगण्याच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला स्वतःचे घर राखता आले नाही.

या क्रौर्याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून ही कथा प्रामाणिक होणार नाही. ओरिस्कनीनंतर कानाजोहारीच्या मोहॉक गावातील घरे लुटली गेली, मॉली ब्रँटचे घरही त्यांतून सुटले नाही. १७७९ मध्ये सलिव्हन आणि क्लिंटन या सेनापतींनी इरोक्वाय प्रदेशात मोहीम काढली. चाळीसहून अधिक गावे, त्यांतील धान्याची कोठारे, उभी मक्याची शेते आणि फळबागा जाळण्यात आल्या. त्या हिवाळ्यात नायगारा किल्ल्याभोवती हजारो निर्वासित उपासमारीत दिवस काढीत होते. ज्यांची पिके जळाली, ते दुसऱ्या वर्षी पिके जाळण्यास आले.

२ ऑगस्ट १७८० चा प्रसंग रयत-पलटणीची कुचंबणा जितकी उघड करतो तितकी दुसरा कोणताही करीत नाही. फोर्ट स्टॅनविक्सकडे रसद जावयाची होती आणि तिच्या रक्षणासाठी खोऱ्यातील पलटणींना बोलावणे आले. माणसे हुकमाप्रमाणे पश्चिमेकडे गेली. ब्रँटने नेमकी हीच वेळ साधली. तो वळसा घालून कानाजोहारीवर उतरला. पन्नासहून अधिक घरे आणि तितकेच गोठे व कोठारे जळाली, गुरे हाकून नेली, कित्येक मारले गेले, कित्येक कैद झाले. पलटण परतली तेव्हा तिला धूर दिसला. हुकूम पाळावा तर घर जाते, आणि घर राखावे तर किल्ला जातो. खड्या फौजेच्या शिपायापुढे हा पेच असा उभा राहत नाही.

त्या वर्षअखेरीस परगण्याच्या कारभाऱ्यांनी नुकसानीची मोजदाद केली. सुमारे ७०० इमारती जळाल्या होत्या, ३५४ कुटुंबे घरदार सोडून गेली होती आणि ६१३ माणसे शत्रूला मिळाली होती. ६ जुलै १७८१ रोजी मॅरिनस विलेटने वॉशिंग्टनला पाठविलेल्या अहवालात याहून बोलका हिशेब आहे. युद्धाच्या आरंभी या परगण्यात हत्यार धरण्याजोगे अडीच हजार पुरुष होते, आता ते आठशेपेक्षा अधिक नाहीत, असे तो कळवितो. जे कमी झाले त्यांपैकी तिसरा हिस्सा मारला किंवा पकडला गेला, तिसरा हिस्सा शत्रूकडे गेला आणि तिसरा हिस्सा मुलूख सोडून गेला, असा त्याचा अंदाज होता. उरलेल्या आठशेंना घेऊनच विलेट लढला. शेरॉनजवळ जुलैत आणि जॉन्सटाउन येथे ऑक्टोबरात या माणसांनी शेवटच्या मोठ्या स्वाऱ्या परतवून लावल्या.

युद्ध संपल्यावर १७८४ मध्ये इंग्रज गव्हर्नरच्या नावाचा ‘ट्रायन’ परगणा पुसला गेला आणि क्वेबेकवरील स्वारीत पडलेल्या जनरल मॉन्टगोमेरीचे नाव त्याला मिळाले. परगण्याचे नाव गेले तशी पलटणींची ओळखही मागे पडली. जोसेफ ब्रँट आणि त्याच्या लोकांना कॅनडातील ग्रँड नदीकाठी जमीन मिळाली, त्यांचे मूळ गाव कायमचे सुटले. ज्या ओनायडांनी ओरिस्कनीत रयत-पलटणीच्या खांद्याला खांदा लावला, त्यांच्याकडून न्यूयॉर्क राज्याने १७८८ च्या करारात बहुतेक सर्व भूमी आपल्याकडे घेतली. राजाच्या बाजूने लढलेला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने लढलेला, असे दोन्ही इरोक्वाय अखेर भूमीला मुकले.

आता प्रश्न उरतो तो या पलटणीची आठवण कशी टिकली हा. मध्यवर्ती काँग्रेसने ऑक्टोबर १७७७ मध्येच हर्किमरच्या स्मारकासाठी ५०० डॉलर मंजूर केले होते. ओरिस्कनीच्या रणक्षेत्रावर स्मारकस्तंभ प्रत्यक्ष उभा राहिला तो ६ ऑगस्ट १८८४ रोजी, एकशे सात वर्षांनी. सर्व आठशे जणांची नावे आजही ज्ञात नाहीत. जी कागदात सापडली, तेवढीच टिकली.

कागदांचीही कहाणी साधी नाही. ८ नोव्हेंबर १८०० रोजी अमेरिकेच्या युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागली आणि क्रांतियुद्धाची बहुतेक दप्तरे जळाली. १८३२ मध्ये काँग्रेसने निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा रयत-पलटणीच्या शिपायांनाही प्रथमच व्यापक प्रमाणावर त्याचा लाभ देऊ केला. अट अशी होती की किमान सहा महिने सेवा झालेली असावी. ज्यांची सेवा आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत विखुरलेली होती, त्या वृद्धांनी पन्नास वर्षांपूर्वीचे दिवस कसे जोडावेत? सेवामुक्तीचे लेखी पत्र बहुतेकांपाशी नव्हते, कारण रयत-पलटणीत हाक येई आणि काम झाले की मनुष्य घरी जाई. म्हणून ते परगण्याच्या न्यायालयात येऊन शपथेवर तोंडी हकीकत सांगत. जन्म कोठे झाला, वयाची नोंद कोठे आहे, हाक आली तेव्हा वस्ती कोठे होती, कॅप्टन कोण होता, कोणत्या वाटेने गेलात, हे प्रश्न सर्वांना विचारले जात. धर्मोपदेशक आणि शेजारी त्यांच्या खरेपणाची ग्वाही देत. १८३६ च्या कायद्यानंतर विधवाही आल्या. विवाहाचा पुरावा म्हणून काहींनी घरच्या बायबलातील जन्म-विवाहांची नोंद असलेली पानेच फाडून जोडली. ही सारी प्रकरणे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात एक ओळही लिहिली नाही अशा शेतकऱ्यांचे युद्ध त्यांत त्यांच्याच साक्षीने नोंदले गेले आहे.

कर्नल कॅम्पबेलचा नातू विल्यम कॅम्पबेल याने १८३१ मध्ये ट्रायन परगण्याचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या वेळी युद्ध पाहिलेली माणसे हयात होती. पुढे १८९७-९८ मध्ये न्यूयॉर्कच्या हिशेबखात्याचे प्रमुख जेम्स रॉबर्ट्स यांनी आपल्या कचेरीत पडून असलेल्या पगाराच्या दाखल्यांवरून आणि याद्यांवरून राज्यातील शिपायांची नावे संकलित करून छापली. पगार थकल्यामुळे तयार झालेले कागद अशा रीतीने शिपायांच्या नावांचे स्मारक ठरले. ट्रायनच्या पलटणींची नामावली त्यात आहे.

हे छापणे किती वेळेवर झाले ते लवकरच दिसून आले. २९ मार्च १९११ रोजी पहाटे ऑल्बनी येथील राज्य ग्रंथालयाला आग लागली. नव्या इमारतीत स्थलांतर होण्याची वाट पाहत असलेले ते ग्रंथालय होते. लाखो पुस्तके आणि हस्तलिखिते जळाली, आणि एका वृद्ध पहारेकऱ्याचाही त्यात अंत झाला. क्रांतियुद्धकाळातील गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन याच्या पत्रसंग्रहाला या आगीची मोठी झळ पोहोचली. सुदैवाने त्यातील बराच भाग त्यापूर्वी छापून झाला होता, आणि त्याच्या प्रती दूरदूरच्या वाचनालयांतून पोहोचलेल्या होत्या. आज ट्रायन परगण्याचा अभ्यासक मूळ पत्र सापडले नाही तर त्या छापील खंडांकडे वळतो.

शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या वाचनालयाच्या व्यासपीठावर या पलटणीचा इतिहास सांगण्याचे औचित्य येथे आहे. या परिसरातही घरोघरी वतनाच्या सनदा, मोडीतील हिशेब, शाळांची हजेरीपत्रके, आंदोलनांत तुरुंगात गेलेल्यांची पत्रे पडून आहेत. माळ्यावरचा तो गठ्ठा वाळवी लागण्यापूर्वी ज्याच्या हाती पडेल, त्याने तो वाचनालयाच्या कपाटापर्यंत आणून द्यावा. ओरिस्कनीच्या घळीत पडलेल्या कित्येक शेतकऱ्यांचे नाव आज उच्चारता येते, ते कोणा कारकुनाने थकलेल्या पगाराचा कागद फेकून दिला नाही म्हणून.